दोन ठोक्यांचं उत्तर

तारीख ४, सोमवार

आलो एकदाचे स्वतःच्या घरात! भाड्याच्या खोल्यांत नळ गळायला लागला की घरमालकाच्या दारात जाऊन उभं राहावं लागायचं. आता घरमालक मीच, दारात उभा राहणाराही मीच आणि दुरुस्ती करणाराही मीच. शाळेला सुट्टी आहे, पोरांना भूमिती शिकवायची कटकट नाही. हात नुसते शिवशिवताहेत.

घर बेताचं पण नेटकं आहे. दोन घरं एका भिंतीला पाठ लावून उभी, दोघांत मिळून गच्चीवर एक टाकी. टाकीचा लोखंडी पाइप आमच्या बाथरूममध्ये उतरतो. त्याचा एक फाटा स्वयंपाकघरात जातो, दुसरा मधल्या भिंतीतून पलीकडे, शेजारच्या बाथरूममध्ये. शेजारी एक वयस्कर बाई एकट्या राहतात, शिवणकाम करतात. त्यांच्या मशीनचा आवाज दुपारभर भिंतीतून येत होता. मला तर बरं वाटलं, शेजार जिवंत आहे म्हणायचा.

आधीचे मालक किल्ल्या द्यायला स्वतः आले होते. गृहस्थ सज्जन, पण बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. शेजारच्या बाईंचं सकाळी असं असं असतं, तेवढं लक्षात ठेवा, असं काहीतरी सांगत होते. माझं डोकं तेव्हा बेसिनखाली होतं. तिथला सांधा इतका गचाळ होता की मला राहवेना. मी आतूनच हो हो करत राहिलो. बेसिनखाली खिळ्याला एक किल्ली लटकत होती. घरातल्या एकाही कुलपाला लागेना, म्हणून हत्यारांच्या पेटीत टाकली.

बायकोने माझं नाव आजपासून चीफ इंजिनियर ठेवलं आहे. आईला विचारलं, घर आवडलं का. आईने कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं, त्यामुळे तिने गुडघे बरे आहेत असं उत्तर दिलं.

तारीख ५, मंगळवार

पहिली मोहीम फत्ते. बेसिनचा नळ रात्रंदिवस ठिबकत होता. माझ्याकडच्या घरदुरुस्तीच्या पुस्तकात सांगितलंय तसं केलं. आधी मुख्य कॉक बंद, मग नळ उघडा ठेवून पाइपातलं उरलेलं पाणी जाऊ दिलं, बेसिनच्या भोकावर फडकं टाकलं, नळाची चकाकी जाऊ नये म्हणून पान्ह्याच्या जबड्यात चिंधी धरली आणि नळाचं डोकं फिरवलं. आतला वॉशर चेपून पार पापडासारखा झाला होता. नवा बसवला, नळ जोडला, ठिबकणं बंद. फडकं टाकूनही एक स्क्रू भोकात गेलाच, पण ते बायकोला सांगितलेलं नाही.

एक खोट मात्र सापडली. सकाळी बाथरूममधला पाइप वाजतो. तीन ठोके येतात, टण, टण, टण, आणि मग गप्प. पुस्तकात याच्यावर अख्खं प्रकरण आहे. कुणी नळ झटकन बंद केला की वाहतं पाणी जागच्या जागी आपटतं आणि पाइप सैल असेल तर तो भिंतीवर ठोके देतो. उपायही दिला आहे. पाइप घट्ट आवळायचा आणि मध्ये रबर भरायचं. माझ्या दृष्टीने हे म्हणजे चालून आलेलं काम.

तारीख ७, गुरुवार

रोज तेच. सकाळी सातच्या सुमारास तीन ठोके. आज मी पाइप कुठे सैल आहे ते बघायला पान्ह्याने दोनदा हलकेच ठोकून पाहिलं. पलीकडून लगेच पाण्याचा आवाज आला आणि मशीन सुरू झालं. ठोके काही पुन्हा आले नाहीत.

संध्याकाळी शेजारच्या बाई दारात भेटल्या. बुटक्याशा, गळ्यात मोजपट्टी, हातात ती मोठी शिंप्याची कात्री. त्यांनी विचारलं, सकाळचा आवाज येतो ना तुमच्याकडे? मला वाटलं, बिचाऱ्यांना आमच्या झोपेची काळजी. म्हटलं, येतो, पण तुम्ही अगदी निर्धास्त राहा, मी बघतोय ते. त्यांचा चेहरा इतका खुलला की मलाच अवघडल्यासारखं झालं. नवीन माणसं कशी निघतील याची धास्ती होती, आता घोर मिटला, म्हणाल्या. जाताना आईच्या ब्लाउजची उसवलेली बाही शिवायला घेऊन गेल्या.

तारीख ९, शनिवार

दिवसभर पाइपाचं काम. भिंतीजवळ तीन क्लॅम्प मारले, प्रत्येकाखाली सायकलच्या ट्यूबचा रबर. पाइप जिथे भिंतीत शिरतो तिथल्या फटीत फोम ठासून भरला. ओळंब्याला वजन हवं होतं, तर ती बिनकामाची किल्ली दोरीला बांधून क्लॅम्पवरून सोडली. सरळ रेषेत काम झालं. भूमितीच्या मास्तरला वाकडं चालत नाही. ओळंबा कौतुकाने तसाच लटकत ठेवला आहे.

आई येऊन बघून गेली. तिने विचारलं, एवढं बांधून काय ठेवलंस, पाइप पळून जाणार होता का?

तारीख ११, सोमवार

काल सकाळी आवाज नव्हता. म्हणजे होता, पण उशीखालून यावा तसा. मला वाटलं, जिंकलो.

दुपारी मात्र पाइपाने डोकं वर काढलं. तीनचा हिशेब नाही, काही नाही. एकामागून एक ठोके, मध्ये थांबायचे, पुन्हा सुरू. संध्याकाळपर्यंत चाललं होतं. आज सकाळीही. बायको म्हणाली, शेजारी काही ठोकाठोक चालली आहे का, जरा बघून या. मी म्हटलं, पाण्याचं काम आहे, तुला कळायचं नाही. ती कामावर गेली. ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, तिला उशीर करून चालत नाही.

मी हट्टाला पेटलो. जुन्या गादीचा कापूस काढला, पाइपाभोवती गुंडाळला, वरून रबर, वरून चिकटपट्टी, आणि क्लॅम्पचे स्क्रू हात दुखेपर्यंत आवळले. काम चालू असताना तळहाताला पाइपातली थरथर जाणवत होती. मी आवळत गेलो तशी ती बारीक होत गेली.

तारीख १२, मंगळवार

शांत! सकाळपासून एकही ठोका नाही. पुस्तकवाल्याने माझा फोटो छापायला हरकत नाही. बायकोला मुद्दाम बाथरूममध्ये नेऊन पाइपाला कान लावायला लावला. तिनेही मान्य केलं. एवढं मात्र म्हणाली, की आज मशीनही वाजलं नाही. असेल सुट्टी, मी म्हटलं.

तारीख १४, गुरुवार

शेजारच्या बाई गेल्या.

कपडे न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने दार वाजवून वाजवून शेवटी आम्हाला बोलावलं. कुलूपवाल्याने दार उघडलं. त्या बाथरूममध्ये पडलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, खुबा मोडला असणार, उठताच आलं नसेल. रविवारी पडल्या असाव्यात आणि दीडएक दिवस तरी जीव होता.

उचलायला मी हात लावला. त्यांच्या मुठीत ती कात्री होती. मूठ सुटेना. पाइपाच्या खालच्या टोकाला, जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात पोचेल तिथे, रंग पार उडाला होता. लोखंड चकचकीत झालं होतं.

मी बघितलं. आणखी कुणी बघितलं की नाही, माहीत नाही.

तारीख १५, शुक्रवार

आधीचे मालक आले होते. शेजारच्या बाईंच्या आठवणी काढून रडले. मग बायकोला आणि आईला त्यांनी जे सांगितलं ते मीही ऐकलं.

त्या दोघांचा ठराव होता. सकाळी उठल्या की बाई कात्रीने पाइपावर तीन ठोके द्यायच्या, म्हणजे मी उठले, बरी आहे. इकडून दोन ठोके द्यायचे, म्हणजे ऐकलं. आणि ठोके थांबेचनात तर समजायचं, अडचण आहे. तेव्हाही आधी दोन ठोके द्यायचे, ऐकलं, येतो, आणि लगेच निघायचं. त्यासाठी त्यांच्या घराची किल्ली आमच्या बेसिनखाली खिळ्याला. किल्ल्या देताना मी यांना सगळं समजावलं होतं, म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही का हो?

मी नाही म्हणालो.

बायको माझ्याकडे बघत राहिली. तिने ठोके ऐकले होते. पण माणसांसमोर तिने मला उघडं पाडलं नाही. ते गेल्यावर स्वयंपाकघरात आली, काहीतरी विचारणार होती, आणि न विचारता परत गेली. तिने भांडायला हवं होतं.

पान्ह्याचे ते दोन ठोके. त्यांना वाटलं असेल, ठराव चालू आहे. माझ्यावर विसंबून त्या निर्धास्त झाल्या. मीच म्हटलं होतं तसं.

तारीख १६, शनिवार

बाईंची भाची आली आहे, घर आवरायला. तिने आईची शिवलेली बाही आणून दिली. तुम्ही मावशीला शेवटचा हात लावलात, तुमचे उपकार कसे फेडू, म्हणाली. मग विचारलंच. काही आवाज आला होता का?

दुसऱ्यांदा नाही म्हणालो. या वेळी अडखळलोही नाही.

ती बाहेर गेल्यावर बाथरूमचं दार लावून घेतलं आणि सगळं सोडवलं. चिकटपट्टी, रबर, कापूस, फोम. पोत्यात भरून लांबच्या कचराकुंडीत टाकून आलो. ओळंब्याची दोरी सोडताना किल्ली हातात आली. आठवडाभर माझ्या नाकासमोर लटकत होती. चार पावलांवर दार होतं. मी त्या दाराच्या किल्लीने पाइप सरळ आहे की नाही ते बघत होतो.

रडलो. नळ सोडून, म्हणजे कुणाला ऐकू जाणार नाही.

तारीख १८, सोमवार

भाची घराला कुलूप लावून काल गेली. पलीकडचा कॉक मीच बंद करून दिला. घरात माणूस नाही, पाण्याचा थेंब नाही.

आज सकाळी सात. टण, टण, टण.

मी दात घासत होतो. बायको निघून गेली होती, आई झोपली होती. पुस्तक काढलं. ते प्रकरण पुन्हा वाचलं. लोखंड तापतं, आकसतं, वाजतं, असंही लिहिलं आहे. असेल. पण तीनच का? आणि मग जी शांतता होती, ती कुणीतरी उत्तराची वाट बघावी तशी होती. मी वाजवलं नाही. कोणत्या तोंडाने वाजवणार?

तारीख १९, मंगळवार

सकाळी पुन्हा तीन. तोवर सोसलं.

नऊ वाजता आई अंघोळीला गेली आणि आतून पुन्हा तीन. मी धावत जाऊन दार बडवलं. आईने तांब्या हातात धरून दार उघडलं, आणि हसत होती. म्हणाली, त्या बाईंची पद्धत मला फार आवडली. अंघोळीला बसताना यंत्र काढावं लागतं, पंखा घरघरतो, माझी हाक तुला ऐकू जाते न जाते. तर मीही वाजवत जाईन. तीन वाजले की समज, तुझी म्हातारी ठीक आहे.

मी तिच्या अंगावर ओरडलो. आयुष्यात इतका ओरडलो नव्हतो. पाइपाला हात लावायचा नाही, पुन्हा वाजवलंस तर बघ, असं म्हणालो. आईला. तिला ऐकू कमी येतं, पण हे सगळं ऐकू गेलं. तिने तांब्या खाली ठेवला, बरं बाबा म्हणाली, आणि हळूच दार लावून घेतलं.

का ओरडलो ते तिला सांगू शकत नाही. एक सांगायला गेलो तर सगळंच सांगावं लागेल.

तारीख २०, बुधवार

शेजारी जाणारा फाटा आज कापला. करवतीने, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून. मधला तुकडा काढून टाकला. आमच्या टोकाला टोपण बसवलं, भिंतीतल्या टोकालाही. आता त्यांचा पाइप आणि आमचा पाइप यांच्यात नुसती हवा आहे. पलीकडून काही वाजलंच तरी आमच्या नळांपर्यंत पोचायला वाटच नाही.

टोपणाच्या आट्यांतून पाणी पाझरतंय. टेप कमी पडली. खाली फरशीवर ओल धरते. पुन्हा उघडून नीट करायला हवं. उद्या करतो म्हटलं.

तारीख २१, गुरुवार

तीन ठोके. भिंतीतून. भिंतीतलं ते टोपण हलताना दिसलं.

बायकोला सांगितलं. ठोक्यांचं नाही — पाझरण्याचं. ती म्हणाली, आजच्या आज करा, आई तिथे उघड्या पायांनी बसतात. हो म्हटलं. बाथरूमच्या दारापर्यंत गेलो. पान्हा हातात होता. टोपणाला हात लागेना.

ती जाताना एवढंच म्हणाली, त्या दिवशी तुम्ही मला पाण्याचं काम आहे म्हणाला होतात. बस.

भाचीला पत्र लिहायला बसलो. दोन ओळी लिहिल्या, फाडल्या.

तारीख २२, शुक्रवार

सकाळी तीन आले. मी कापसाचे बोळे करून कानात घातले. रेडिओ लावला, मोठ्याने.

बायको कामावर. जाताना बजावून गेली, आईंकडे लक्ष ठेवा. ठेवतोय. स्वयंपाकघरात बसलोय, इथून बाथरूमचं दार दिसतं. बंद आहे.

ओल तशीच आहे. दुपारी नक्की करतो. आईशी नीट बोलतो. तिची माफी मागतो. मग सगळ्यांनाच सांगतो, भाचीलाही —

पुन्हा.

तीन नाहीत. एकामागून एक. त्या रविवारसारखे.

रेडिओ आणखी वाढवला. ऐकू येत नाहीत, पण कळताहेत. सिंकवरचा नळ थरथरतोय, पेल्यातलं पाणी हलतंय. त्या बाईंना मला उठवायचंय. मी जावं, ते घर उघडावं, तिथे त्यांना बघावं. किल्ली माझ्याच खिशात आहे. बाई, मी चुकलो. मी ऐकलं होतं. मी सगळं ऐकलं होतं. पण आता तुम्ही नाही आहात, मी उत्तर देणार नाही. या वेळी मी उठणार नाही —

चालूच आहे.

हळू झाले. दोन ठोक्यांत अंतर पडतंय.

एक.

बराच वेळ काही नाही. एक.

थांबले.

थांबले! नळ स्थिर. पाणी स्थिर. मी उठलो नाही. बोळे काढले, रेडिओ बंद केला. किती शांत —

भिंतीतून आले. स्पष्ट. तीन नाही. दोन.

दोन म्हणजे उत्तर. दोन म्हणजे ऐकलं, येते.

कुणाला उत्तर दिलं त्यांनी? मी तर वाजवलं नाही. आणि फाटा मी कापलाय — पलीकडचा ठोका या नळापर्यंत येऊच शकत नाही. हा नळ हलतो तो फक्त आमच्याच बाथरूममधून —

दार अजून बंद आहे. आई नऊ वाजता अंघो